मीठ मुठीनं नको, काट्यावर घाला : कोल्हापूरच्या मिसळवाल्यांना आणि खानावळवाल्यांना खुले पत्र

कोल्हापुरातल्या समस्त मिसळवाल्या, खानावळवाल्या, फरसाण-भडंगवाल्या मालकांना आणि भटारखान्यातल्या आचाऱ्यांना,

स. न. वि. वि.

हे पत्र लिहिणारी बाई तुमच्यातलीच आहे, हे आधी सांगते. नाहीतर 'ही कोण आली आम्हाला मीठ घालायला शिकवणारी' म्हणून पहिल्याच ओळीला पत्र मसाल्याच्या डब्याखाली जाईल. माझ्या वडिलांची एस. टी. स्टँडच्या मागच्या बाजूला खानावळ होती. महिन्याचे बावीस मेंबर, बाकी येणारे-जाणारे. शाहू मिलचे कामगार, कॉलेजची पोरं, कोर्टकचेरीच्या कामाला आलेले पन्हाळा-गगनबावड्याकडचे लोक. भाकरीच्या परातीशेजारी बसून मी पाढे पाठ केले आणि पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. म्हणजे मिठाच्या बरणीशी माझी ओळख दोन्हीकडून आहे, चुलीकडूनही आणि प्रयोगशाळेकडूनही.

मागणी एकच आहे. मिसळीच्या कटात (म्हणजे तिच्या झणझणीत रश्शात), मटणाच्या रश्शात, उसळीत, फरसाणात मीठ मुठीनं घालू नका. तोलून घाला. आपण रोज किती घालतो हा आकडा एकदा कळला, की दर दोन-तीन आठवड्यांनी त्यातलं थोडं थोडं कमी करत जा आणि त्याचा गवगवा करू नका. खुल्या पत्रातून गुपचूप काहीतरी करायला सांगणं विनोदी आहे, कळतंय मला. पण गिऱ्हाइकाला सांगून मीठ कमी केलं, तर त्याला पहिल्याच घासाला सगळं अळणी लागणार. न सांगता केलं तर लागत नाही. त्याचा पुरावा पुढे देते.

आधी भटारखान्यातली गोष्ट. कटाचं पातेलं पहाटे चढतं. मीठ पडतं ते अंदाजानं, आणि तो अंदाज कुणाचा? चार वाजता उठून दोन कप चहा झालेल्या, गालात तंबाखूची गोळी असलेल्या माणसाचा. आमच्या खानावळीतल्या आचाऱ्याच्या तोंडात कायम पान असायचं. तो ओठावर रस्सा टेकवायचा आणि म्हणायचा, "अजून मूठभर पाहिजे." त्याची मूठ केवढी, हे त्या बावीस मेंबरांना माहीत नव्हतं. वय वाढतं तशी जीभ बोथटते, तंबाखूनं अजून बोथटते, आणि दिवसभर खारट चाखणाऱ्याच्या जिभेला खारटाची सवयच होते. म्हणजे शेकडो लोकांचं मीठ ठरवणारी जीभ पेठेतली सगळ्यात निबर जीभ असते. यात आचाऱ्याचा दोष नाही. त्याच्या हाताला चव आहे म्हणून तर आपण त्याच्याकडे जातो. पण हाताला चव असणं वेगळं आणि मुठीला माप असणं वेगळं.

शिवाय पातेलं जाळावरच असतं. सहाला बरोबर असलेला कट दहा वाजता आटून खारट होतो. मग कुणीतरी तांब्याभर गरम पाणी ओततो, तर्री फिकी पडली म्हणून चटणी टाकतो आणि चटणी टाकली म्हणून परत मीठ. दुपारी त्या पातेल्यात एकूण किती मीठ गेलं हे खुद्द मालकालाही सांगता येणार नाही.

त्यात आपली चटणी. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं की आपली कांदा-लसूण चटणी म्हणजे नुसतं तिखट नव्हे. उन्हाळ्यात संकेश्वरी नि ब्याडगी वाळवून, मसाले तळून, डंकावर कुटून आणतो तेव्हा तिच्यात खडेमीठ असतंच. वर्षभर टिकायला तेच लागतं. आमच्या घरचं प्रमाण किलो मिरचीला पावशेर मीठ. म्हणजे भाजीत चटणी पडली की मीठही पडलंच, आणि त्यावर आपण 'चवीपुरतं' मीठ घालतो ते दुसऱ्यांदा. वाटीभर कटात चटणी किती असते ते मी तुम्हाला सांगायला नको.

आणि गंमत बघा, ज्याला आपण अळणी म्हणतो तेही अळणी नसतं! हळद-मीठ-आलं-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचं ते पाणी. लहान पोराला, बाळंतिणीला, आजाऱ्याला वाटीत घालून देतो. 'अळणी' हा शब्द 'अलवण'वरून आलेला, अर्थ बिनमिठाचं. पण आपण त्यातून मिरची काढली, मीठ ठेवलं आणि नाव तेच चालू ठेवलं. गावाला तिखट मोजायची सवय आहे, मीठ मोजायची नाही. झणझणीतपणावर आपण तासभर वाद घालू. खारटपणावर आपली मिठाची गुळणी.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली काढलेल्या आहार-मार्गदर्शिकेतही ५ ग्रॅमचीच मर्यादा आहे. मिठाचं वजनानं जवळजवळ चाळीस टक्के म्हणजे सोडियम, त्यामुळे ५ ग्रॅम मिठात साधारण २ ग्रॅम सोडियम येतं. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही पुरता भरलेला नाही. यात सकाळची मिसळ, दुपारची आमटी, चारचं भडंग आणि रात्रीचा ठेचा हे सगळं बसायला हवं. जगातला सरासरी माणूस याच्या दुपटीहून जास्त खातो. आपल्या देशाच्या सर्वेक्षणात सरासरी ८ ग्रॅमच्या घरात निघाली.

मी घरी एक साधा प्रयोग केला, तुम्हीही करा. मिठाचा किलोचा पुडा फोडला त्या दिवशी त्यावर पेननं तारीख टाकली. आम्ही चौघं. पुडा २६ दिवसांत संपला. भागाकार केला तर माणशी दिवसाला साडेनऊ ग्रॅमच्या वर. थोडं मीठ भाज्या धुण्यात आणि गुळण्यांत गेलं असेल, मान्य. पण बाहेरचं खाणं, ब्रेड, पापड, बिस्किटं यात धरलेलीच नाहीत. पाच ग्रॅमच्या हिशेबानं तो पुडा ५० दिवस पुरायला हवा होता. विज्ञानाच्या बाईच्या घरात ही तऱ्हा.

ब्रेडचं नाव काढलं म्हणून सांगते. मिसळीबरोबर आपण स्लाइस देतो ते कुणाला खारट लागत नाहीत. पण बऱ्याच ब्रेडच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ४०० ते ५०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलेलं सापडेल. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, मिठाचा नाही. त्याला अडीचनं गुणलं की मीठ कळतं. फरसाणवाल्यांनी हा गुणाकार लक्षात ठेवावा. तुमच्या मालात नुसतं मीठ नसतं, खायचा सोडा आणि पापडखारही असतो, आणि सोडियम त्यांतही आहे. अजिनोमोटोतही आहे. खारट लागत नाही म्हणून नाही, असं नसतं.

शाळेत मी दरवर्षी एक प्रयोग दाखवायचे. रॉकेलच्या बाटलीतून सोडियमचा हरभऱ्याएवढा तुकडा चिमट्यानं काढायचा, सुरीनं कापायचा (लोण्यासारखा कापला जातो) आणि पाण्यात टाकायचा. तो फुत्कारत पाण्यावर पळायचा, कधी पेट घ्यायचा, आणि पोरं बाकांवर चढायची. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८०७ साली कॉस्टिक सोड्यातून विजेच्या साहाय्यानं पहिल्यांदा वेगळा केलेला हाच तो धातू. पोरांचा प्रश्न दरवर्षी ठरलेला : "बाई, हे आपण खातो?" खातो, पण क्लोरीनशी लग्न लागून शांत झालेलं. आणि ते खाल्ल्याशिवाय आपलं चालत नाही. नसेतून संदेश जातो, हृदयाचा ठोका पडतो, पैलवानाचा दंड फुगतो, ते सगळं सोडियम पेशीच्या आत-बाहेर ये-जा करतं म्हणून. पेशीच्या आवरणात एक पंप असतो, तो तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, अष्टौप्रहर. येन्स स्को या डॅनिश शास्त्रज्ञानं १९५७ साली तो शोधला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलीइक्विव्हॅलंट या पट्ट्यात राहावं म्हणून मूत्रपिंडं राबत असतात.

गोची इथेच आहे. मीठ जास्त गेलं की रक्तातलं प्रमाण बिघडू नये म्हणून शरीर पाणी धरून ठेवतं. मिसळ खाल्ल्यावर तांब्याभर पाणी लागतं ते तिखटामुळे, असं आपण म्हणतो. त्यात मिठाचाही वाटा असतो. पाणी वाढलं की नळ्यांमधला दाब वाढतो. निरोगी तरुण मूत्रपिंडं जादा मीठ दिवस-दोन दिवसांत बाहेर टाकतात. वय झालेली, मधुमेहानं थकलेली मूत्रपिंडं ते टाकता टाकता दमतात, आणि दाब हळूहळू वरच्या पायरीवर जाऊन बसतो. दुखत काहीच नाही. देशातल्या साधारण चारांतल्या एका प्रौढाला रक्तदाब आहे, म्हणजे तुमच्या चार खुर्च्यांच्या टेबलावर एक. सगळ्यांनाच मीठ सारखं बाधत नाही, हेही खरं. पाच ग्रॅमच्याही खूप खाली जावं का, यावर शास्त्रज्ञांत अजून भांडणं आहेत. आपण त्या भांडणाच्या गावाला पोचलेलोच नाही.

माझा भाऊ वडिलांनंतर खानावळ चालवायचा. बावन्नाव्या वर्षी, सकाळच्या गर्दीत, हातातलं ओगराळं पडलं. उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी दाब मोजला तेव्हा वरचा आकडा दोनशेच्या पुढे होता. दोष एकट्या मिठावर टाकला तर ते शास्त्राला धरून होणार नाही. तंबाखू होती, झोप चार तासांची होती, आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी त्यानं स्वतःच बंद केली होती. पण तीस वर्षं तो रोज पातेल्यातलं चाखत होता, हेही होतं. तो आज बोलतो, थोडा अडखळत. हे पत्र त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, अगोदर काट्याचं लिही, माझं नंतर." म्हणून हा क्रम.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मीठ म्हणजे विष असा अर्थ कुणी काढला तर वेगळीच आफत. माझे मामा, वय ७८. दाबाच्या गोळ्यांत एक लघवी जास्त होणारी गोळी. कुठेतरी ऐकून त्यांनी मीठ पार सोडलं आणि दिवसाला चार-पाच लिटर पाणी प्यायला लागले. आठवड्याभरात दिवसा झोपायला लागले, मग असंबद्ध बोलायला लागले. मला आईच्या नावानं हाक मारायचे. आम्हाला वाटलं, म्हातारपण. रक्त तपासलं तर सोडियम ११८! दवाखान्यात ते हळूहळू वर आणलं, मुद्दाम हळूहळू, कारण ते घाईनं वाढवलं तर मेंदूला इजा होते. पाचव्या दिवशी मामांनी मला माझ्या नावानं हाक मारली आणि चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. घरातलं म्हातारं माणूस अचानक भ्रमिष्टासारखं वागायला लागलं तर सोडियम तपासायला सांगा, आणि गोळी चालू असताना मीठ किती कमी करायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तसंच शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढे आठ तास उभा राहणारा, गुऱ्हाळावर चुलवाणात जळण सारणारा, उसाच्या फडात कोयता चालवणारा. त्यांचं मीठ घामातून वाहून जातं, त्यांचा हिशेब वेगळा. जुलाब लागलेल्या पोरालाही मीठ हवंच असतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलऱ्यानं माणसं मरत होती. सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर नि खायचा सोडा पाण्यात कालवून लोकांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांखाली आलं. आतड्यात साखर शिरताना सोडियमचा हात धरून शिरते आणि मागोमाग पाणी येतं, एवढंच त्यातलं गुपित. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. इथेसुद्धा बघा, माप आहे, मूठ नाही.

आता पुराव्याचं बोलू. ब्रिटननं २००० नंतर ब्रेड आणि तयार खाण्यातलं मीठ कंपन्यांना थोडं थोडं करून कमी करायला लावलं. दहा वर्षांत ब्रेडमधलं मीठ सुमारे वीस टक्के उतरलं आणि लोकांनी ओरड केली नाही, कारण त्यांना कळलंच नाही. माणशी मीठ दिवसाला साडेनऊ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आलं. जीभ काही आठवड्यांत नव्या पातळीला सरावते. तेव्हा दहा किलो कटाला आज २०० ग्रॅम मीठ घालत असाल, तर पुढचे तीन आठवडे १९० घाला, मग १८०. पन्नाशीतल्या तुमच्या रोजच्या गिऱ्हाइकाला फरक कळला तर मला शोधत या.

तुम्ही म्हणाल, टेबलावर मिठाची वाटी ठेवली तर लोक वरून घालतील, मग उपयोग काय? १९८७ साली अमेरिकेत मोजक्या तरुणांवर याची परीक्षा झाली. जेवणातलं सोडियम निम्मं केलं आणि मीठदाणी हाताशी ठेवली. जेवढं कमी केलं होतं त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढंही त्या तरुणांनी दहा आठवड्यांत परत घातलं नाही. आपल्या जुन्या लोकांना हे न मोजता कळत होतं. पंगतीत पान मांडल्यावर पहिल्यांदा काय वाढायचे? मीठ. वर मधोमध चिमूटभर, शेजारी लिंबाची फोड. ज्याला हवं त्यानं आपल्या बोटानं घ्यावं. खानावळीत वडील तसंच वाढायचे. पुढे वेळ वाचवायला ते मीठ पानावरून उचललं आणि पातेल्यात टाकलं, आणि माणसाच्या हातातली निवड गेली. मला वाटतं, नुकसान तिथून सुरू झालं.

लिंबू मात्र सढळ हातानं द्या. आंबटानं मिठाची उणीव झाकली जाते. कच्चा कांदा, कोथिंबीर, लसणाची फोडणी, सगळं तुमच्या हातातलं आहे, आणि त्यात तुम्हाला शिकवण्याएवढी मी मोठी नाही.

दोन पळवाटा आधीच बुजवून टाकते. सैंधव किंवा काळं मीठ घातलं की काम झालं, हे खरं नाही. तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच, आणि त्यात घातलेलं आयोडीन नसतं. दुसरं, बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ. त्यात काही हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असतं. गुण नक्कीच आहे. चीनमध्ये ६०० खेड्यांत, आधी अर्धांगवायू होऊन गेलेल्या किंवा वय झालेल्या दाबवाल्या सुमारे २१,००० लोकांना असं मीठ देऊन पाच वर्षं पाहिलं. २०२१ साली निष्कर्ष आले, अर्धांगवायूचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. पण ज्याची मूत्रपिंडं अधू आहेत त्याच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयच बंद पडू शकतं. घरात, डॉक्टरांना विचारून, ते वापरता येईल. तुमच्या दारात येणाऱ्या माणसाची मूत्रपिंडं कशी आहेत हे तुम्हाला माहीत नसतं, तेव्हा हॉटेलच्या पातेल्यात ते नको.

कट वाढायचा बंद करा असं मी म्हणणार नाही, तेवढी हिंमत माझ्यात नाही. दुसऱ्यांदा कट मागणारी मीही आहेच. तांबडा-पांढरा रस्सा वाटीनं मोजून द्या असंही म्हणत नाही. फक्त पहाटे पातेल्यात मूठ जायच्या आधी ती मूठ एकदा काट्यावर रिकामी करा आणि आकडा भिंतीवर खडूनं लिहा. महिनाभर नुसतं लिहा, कमी काही करू नका. आकडा दिसल्यावर तुमचं तुम्हालाच कळेल. माझी खात्री आहे, सोमवारचा आणि रविवारचा आकडा एक निघणार नाही.

काटा नसेल तर माझ्याकडे शाळेतून निवृत्त होताना मिळालेला जुना तराजू आहे, पितळी वजनांसकट. शिवाजी पेठेत कुणालाही 'विज्ञानाच्या बाई' म्हणून विचारा. महिन्याच्या बोलीवर देईन, परत आणून द्यायचा.

आपली,
एका खानावळवाल्याची लेक

ता. क. हे वाचून कुणी दारात 'आमचेकडे कमी मिठाची मिसळ मिळेल' असा फलक लावलाच, तर मी तिथे पाऊल ठेवणार नाही. गुपचूप करायचं म्हटलंय ना.